दाढेतला आवाज

हातोडी पडली, जॉब वाजला, आणि उत्तर यायला उशीर झाला. फार नाही, अर्धा सेकंद असेल. तिथे उभ्या असलेल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. जीवन कौतुकाने हसत होता, निकिता पडद्याकडे बघत होती, ठोकणारा माणूस पुढचा जॉब उचलायला वाकला होता. पण उत्तर देणारा तो प्रोग्राम मी लिहिलेला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी, आणि तो कधी थांबत नसे. लोखंडाचा आवाज हवेत असतानाच पडद्यावर हिरवा नाहीतर लाल चौकोन उमटायचा. चुकायचासुद्धा, पण चुकायचा तो ताबडतोब आणि स्वतःच्या बुद्धीने. आज तो गप्प झाला, कुणाला तरी विचारून आला, आणि मग हिरवा झाला. तेवढ्या वेळात माझ्या पोटात काहीतरी खाली सरकलं. ते काय आहे हे ओळखायला मला तेवढाही वेळ लागला नाही, कारण ते नवीन नव्हतं. लग्नानंतर मखमलाबादच्या घरात मी यांना काही विचारलं की हे असेच गप्प व्हायचे, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं.

अंबडच्या त्या कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग होतात, ट्रकच्या ब्रेकमध्ये बसणारे. तिथे प्रत्येक भागाला जॉब म्हणतात. वितळलेलं लोखंड साच्यात थंड होताना कधी आतल्या आत चीर पडते. वरून काही दिसत नाही, पण पुढे कधीतरी भरलेला ट्रक कसारा घाट उतरत असताना ती चीर उघडते. म्हणून प्रत्येक जॉब टांगायचा, हातोडीने ठोकायचा आणि ऐकायचं. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. चांगला जॉब खणखणीत वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. मी तिथे चौतीस वर्षं होते, आधी टाइम ऑफिसात आणि संगणक आल्यावर संगणकावर. निवृत्त होऊनही आता बारा वर्षं झाली. जुने मालक सावळीरामभाऊ गेले, कारखाना त्यांचा मुलगा जीवन बघतो. त्या गुरुवारी त्याने गाडी पाठवून मला मुद्दाम बोलावलं होतं. तुमच्या प्रोग्रामला आम्ही नवीन मेंदू बसवलाय मॅडम, बघायला या, असं तो फोनवर म्हणाला होता. मी कपाटातली इस्त्रीची साडी काढून नेसले होते.

मेंदू बसवणारी निकिता सव्वीस वर्षांची, सिन्नरकडची. केस वर गुंडाळून त्यात पेन खोवलेलं. तिने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि समजावून सांगायला लागली, मी एकेकाळी सावळीरामभाऊंना सांगायची त्याच सुरात. डीप लर्निंगच्या, म्हणजे संगणकाने नमुन्यांवरून स्वतःच शिकायच्या, चांगल्या तयार लायब्रऱ्या सगळ्या पायथन भाषेतल्या. कारखान्याचं यंत्र मात्र माझ्या जुन्या पास्कल भाषेतल्या प्रोग्रामवर चालतं: टांगणीचा दांडा, दिवे, माइक, रोजचे अहवाल. ते मोडून नव्याने लिहायची कुणाची छाती नाही. तेव्हा तिने मधला रस्ता काढला. प्रोग्राम पास्कलचाच राहिला. फक्त जॉब चांगला की बद्द हे ठरवायची वेळ आली की तो पायथनला हाक मारतो, आवाज त्याच्या हवाली करतो आणि तो सांगेल ते पडद्यावर दाखवतो. "तुमचं सगळं मी तसंच ठेवलंय मॅडम," ती म्हणाली. "फक्त निवाडा काढला." त्या भागाचं नावच मी निवाडा ठेवलं होतं. एकेचाळीस नियम होते त्यात. आवाज किती वेळ रेंगाळतो, त्यातला कुठला सूर आधी मरतो, कुठले दोन सूर एकमेकांना खेटून उभे असतात. एकेक नियम मी कपडे वाळत घालताना, डबा भरताना, यांच्या डोक्याला तेल लावताना मनात लिहिला होता. निकिताने पान उघडून दाखवलं. नावाखाली आता तीन ओळी होत्या. हाक मार, थांब, उत्तर घेऊन ये. घर तेच, दारावरची पाटी तीच, आणि आत दुसऱ्याचं बिऱ्हाड.

शंभर जॉबमध्ये माझे नियम एक्क्याण्णव बरोबर ओळखायचे. हिचं पायथनमधलं शिकलेलं नेटवर्क सत्त्याण्णव ओळखतं. हे तिने सांगितलं नाही, मीच विचारलं. विचारायला नको होतं.

चौदाव्या जॉबला हातोडी पडली आणि पडद्यावर चौकोनाऐवजी एक पाटी आली. अंकांची क्रिया अवैध आहे, अशा अर्थाची इंग्रजी पाटी. पाटीमागोमाग प्रोग्राम बंद पडला. मग निकिताच हळू आवाजात म्हणाली की तीन आठवडे हेच चाललंय. पायथन एकटा चालवला तर हजार जॉब न अडखळता तपासतो. पास्कलमधून हाक मारली की कधी चौदाव्याला पडतो, कधी दोनशेव्याला. पायथनमधली ओळ न् ओळ तिने तपासली होती, तिथे काही सापडत नव्हतं. जीवनचं हसू तोवर आटलं होतं. तो माझ्याकडे बघत तिच्याशी बोलला. "सोमवारी गिऱ्हाइकाची माणसं बघायला येणारेत. तोपर्यंत नाही चाललं, तर हे सगळंच काढू. जुनं पण आणि नवं पण. तयार सिस्टीम मिळते बाहेर, ती आणू. मग तुलाही निकिता, इथं काय काम राहणार?" तो वाईट माणूस नाही. त्याच्या वडिलांसारखाच, जे खरं ते बोलून मोकळा होतो. निकिताने केसातलं पेन काढलं, परत खोवलं, आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही सुचतंय?"

मला सुचत नव्हतं. मला माहीत होतं. पाटी वाचताक्षणी माहीत होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "माझं आता कुठलं आठवायला."

इंदिरानगरला घरी आले, साडी बदलली, आणि न पेटवलेल्या गॅससमोर किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. आठवत कसं नव्हतं. नव्याण्णव साली आवाज टिपण्याचं एक नवीन कार्ड आलं होतं. त्याची लायब्ररी दुसऱ्या भाषेत लिहिलेली, आणि तिला माझ्या प्रोग्राममधून हाक मारली की हीच पाटी, असाच मध्येच. अकरा दिवस मी त्यामागे होते. मग कळलं ते इतकं साधं होतं की मी एकटीच हसले. माझ्या पास्कलला चुकीचा आकडा सहन होत नाही. कुठे शून्याने भागलं गेलं, कुठे असा आकडा निघाला की ज्याला आकडा म्हणताच येत नाही, तर तो तिथल्या तिथे थांबतो आणि ओरडतो. दुसऱ्या भाषांतल्या लायब्रऱ्या तशा नसतात. त्यांच्या आत असे आकडे सारखे निघतात. त्या तिथे "हा आकडा नाही" एवढी खूण करून पुढे जातात आणि शेवटी सगळं सावरून घेतात. त्यांच्या घरात ती रोजची गोष्ट. पण हाक मारणारा माझा, तेव्हा त्यांच्या घरात भांडं पडलं की ओरडायचा हा. उपाय एका ओळीचा. पास्कलला सांगायचं की आकड्यांच्या चुकांवर ओरडू नकोस. मी तेव्हा ती ओळ फक्त हाकेपुरती घालायची आणि लगेच दुसऱ्या ओळीने त्याला पुन्हा बोलतं करायची, दंगा करणाऱ्या पोराच्या तोंडावर क्षणभर हात ठेवावा तशी. पुढे ते कार्ड गेलं, त्याबरोबर ती ओळही मी काढून टाकली. आता पायथन मात्र एकदा जागा झाला की आत चालूच राहतो, त्याच्यासाठी तो हात कायमचा ठेवावा लागेल. सुरुवातीलाच सांगावं लागेल की आजपासून गप्प. निकिता पायथनमध्ये चूक शोधत बसली होती आणि चूक पायथनमध्ये नव्हतीच. चूक म्हणावी तर ती माझ्या माणसाच्या स्वभावात होती, आणि तो स्वभाव या जगात आता फक्त मला माहीत होता. एवढंच माझ्याकडे उरलं होतं. ते का द्यायचं?

नाही दिलं तर सोमवारी माझाही प्रोग्राम भंगारात जाणार होता, हे मला समजत होतं. पण त्या संध्याकाळी मला ते बरंच वाटत होतं. दुसऱ्याच्या तोंडाने बोलत जगण्यापेक्षा दोघं मिळून गेलेले बरे. यांच्या बाबतीतही मी कधीकधी असंच काहीतरी मनात आणायची, आणि मग भीतीने देवाला दिवा लावायची.

हे ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होते. संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर सोडायची. फाट्यापासून आमचं घर पाच मिनिटांवर, पण यांना यायला अर्धा तास लागायचा, कारण वाटेत कुसाअक्कांचं घर होतं. अक्का यांच्या मोठ्या बहीण, यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेलेला, मळ्यात शेवंती आणि गुलाब लावायच्या, पहाटे पाट्या भरून बाजारात पाठवायच्या. शाळा चौथीपर्यंत. हे पायरीवर बसायचे, चहा प्यायचे, आणि मी विचारलेला प्रश्न तिथे मांडायचे. घरी आले की यांच्या शर्टाला ओल्या गोणपाटाचा आणि शेवंतीचा वास असायचा. तो वास आला की मला कळायचं, आज उत्तर मिळणार. ग्रॅज्युएट मी होते, गणित विषय घेऊन, आणि आमच्या घरात काय करायचं ते शेवंतीच्या वासातून ठरत होतं. एकोणऐंशीत मला अंबडची नोकरी आली तेव्हा हे दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी वास आला आणि हे म्हणाले, कर नोकरी. म्हणजे माझी नोकरीसुद्धा अक्कांच्या होकारावर उभी, आणि माझा प्रोग्राम त्या नोकरीवर. अक्का माझ्याशी कधी वाकड्या वागल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. त्या मला न चुकता गजरा पाठवायच्या.

कारखान्यात गेले तर तिथे झुंबरबाई. अंबड गावातली, कारखान्यांसाठी जमीन गेली म्हणून घरटी एकाला नोकरी मिळाली होती, त्यात ही लागलेली. हातात बोटभर दांड्याची हातोडी घेऊन दिवसाला आठशे जॉब ठोकायची आणि प्रत्येकाला एक शब्द. बरा. बरा. बरा. बद्द. शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर. सावळीरामभाऊ म्हणाले, बाई साठीला आल्यात, त्यांचं हे संगणकात उतरवून घ्या. म्हणून मी वर्षभर रोज दुपारी तिच्याशेजारी स्टुलावर बसायची. माइक लावून अकरा हजार जॉबचे आवाज टिपले. हातोडीचा आवाज आणि त्यामागे तिचा शब्द. ती बद्द म्हणाली की मी विचारायची, का? माझ्या कानाला दोन्ही आवाज सारखेच लागायचे. डोळे मिटून, श्वास धरून ऐकायची, तरी सारखेच. ती हसायची. एकदा तिने हातातलं काम थांबवून मला सांगितलं, "मॅडम, कानानं नाय ऐकायचं त्ये. बद्द जॉब हितं लागतो. दाढेत." आणि तिने गालावरून डाव्या दाढेवर बोट ठेवलं. "लय बारीक. चिंच खाल्ल्यावानी." त्यानंतर कित्येक महिने मी तोंड घट्ट मिटून, दाढेवर दाढ ठेवून बसायची. कधी काही लागलं नाही. घरी माझ्या आणि यांच्यामध्ये एक बाई, इथे माझ्या आणि लोखंडामध्ये एक बाई. माझे एकेचाळीस नियम म्हणजे तिच्या दाढेबद्दल माझ्या डोक्याने केलेले अंदाज. एक्क्याण्णवाच्या पुढे ते गेले नाहीत, कारण उरलेले सात तिच्या तोंडात होते. झुंबरबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक हलकेपणाही होता. आता शंभरातले एक्क्याण्णवच सगळ्यांत जास्त होते.

शनिवारी दुपारी निकिता घरी आली. फोन करून आली, येताना द्राक्षं आणली. शुक्रवारीही तिने दोनदा फोन केला होता आणि मी दोन्ही वेळा प्रकृतीचं कारण सांगितलं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या. तिला प्रोग्रामबद्दल विचारायचं होतं, पण ती बोलत राहिली झुंबरबाईबद्दलच. नेटवर्कला शिकवायला तिने माझ्याच जुन्या सीडीवरचे आवाज वापरले होते. निवृत्त होताना मीच त्या सावळीरामभाऊंच्या कपाटात ठेवून आले होते. चार महिने ती कानाला हेडफोन लावून एकेक आवाज ऐकत होती आणि झुंबरबाई जे म्हणेल ती खूण त्याला लावत होती. "मला त्या ओळखीच्या वाटतात आता," ती म्हणाली. "जेवायच्या सुट्टीआधी त्या घाईत बोलतात. नंतर आवाज जड होतो. एक दिवस त्यांना सर्दी होती." मी द्राक्षं धुवत होते. सर्दी होती. ती सर्दी मी जवळून बघितली होती, ओवा बांधलेलं फडकं ती मध्येमध्ये हुंगत होती. हे त्या पोरीला कुठे माहीत असणार? पण तिला ज्याची गरज होती ते मिळालं होतं. दाढेतलं जे काही होतं, ते झुंबरबाईकडून थेट त्या नेटवर्कात गेलं होतं, मधे कुणी न लागता. मी वर्षभर स्टुलावर बसून का, का विचारत होते, आणि त्याने एकदाही का विचारलं नव्हतं.

"अकरा हजार सगळे वापरलेस?" मी विचारलं.

"नाही, साडेनऊ. बाकीच्यांत मध्येच कुणीतरी बोलतं. का, का, असं विचारतं. त्या फायली काढून टाकाव्या लागल्या." मग तिच्या लक्षात आलं. तिने हातातलं द्राक्ष परत वाटीत ठेवलं. "तुम्ही होतात का त्या?"

मी हो म्हणाले. ती अवघडली. मग तिने तिची अडचण एका दमात सांगून टाकली. सहा महिन्यांच्या करारावर आहे, तो सोमवारनंतर वाढला नाही तर सिन्नरला परत जावं लागेल, घरी स्थळं बघायला बसलेलेच आहेत, या कामाच्या नावावर दोन वर्षं मागून घेतली होती. हे ती रडून सांगत नव्हती, कुठल्याशा तिसऱ्या मुलीबद्दल सांगावं तसं सांगत होती. "तुमच्या प्रोग्राममध्ये कुठं काही असेल मॅडम, तर तुम्हालाच दिसेल. मी उद्या लॅपटॉप घेऊन येऊ?" मी म्हटलं, उद्या मला पाहुणे आहेत. पाहुणे कोणी नव्हते. तिला दारापर्यंत सोडून आले आणि वाटीतली द्राक्षं एकेक करून सगळी मी खाल्ली. गोड होती. डाव्या दाढेने चावायचा प्रयत्न केला, तर तिथे आता कवळी आहे.

रविवारी पाहुण्यांसारख्या अक्का आल्या. म्हणजे मनात. त्यांना मी इतकी वर्षं दूर बसवलं होतं. दोन हजार चार साली यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सकाळी कागद आणून दिला, आज सही झाली तर आजच करू म्हणाले, थांबण्यात धोका आहे म्हणाले. यांनी पेन हातात घेतलं आणि गप्प झाले. दाराकडे बघत राहिले. मला कळलं. अक्का तेव्हा लेकीकडे लासलगावला होत्या, तिथे फोन लागत नव्हता. बारा वाजले, एक वाजला. पेन हातात तसंच. शेवटी मी बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं जाऊन बसले, परत आले, आणि म्हणाले, अक्कांशी बोलणं झालं. हो म्हणाल्या त्या. यांनी लगेच सही केली. इतकी लगेच की मला मारल्यासारखं झालं. हे त्यानंतर नऊ वर्षं जगले. येईल त्याला सांगायचे, अक्का हो म्हणाली म्हणून मी आज दिसतोय. माझं नाव त्यात कुठे नव्हतंच, आणि असणार तरी कसं? ते मीच ठेवलं नव्हतं. पण मला आठवतो तो तिसरा दिवस. अक्का दवाखान्यात आल्या, पलंगाच्या त्या बाजूला बसल्या, आणि यांनी त्यांचा हात धरून म्हटलं, बरं झालं तू हो म्हणालीस. अक्कांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पलंगावरून माझ्याकडे बघितलं. मग त्या यांना म्हणाल्या, "हो रे हिरामण. मीच म्हनले. मग?" आणि माझ्याकडे बघून जराशा हसल्या. पुढे कधीही, कुणाजवळही त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त माणसांत बसलेलं असताना यांनी ती गोष्ट सांगायला घेतली की त्या माझ्याकडे बघायच्या आणि तसंच हसायच्या. मी मान खाली घालायची. मला वाटायचं, केवढं मोठं मन बाईचं, मला सांभाळून घेतलं. त्या मोठेपणाचाही मी मत्सर करायची.

सोमवारी सकाळी मी रिक्षा करून कारखान्यात गेले. का गेले, हे मला आताही नीट सांगता येत नाही. पोरीची दया आली म्हणावं तर ती गुरुवारीही आली होती. सकाळी दात घासून कवळी बसवताना मला एवढंच जाणवलं, की आज तो प्रोग्राम बंद होईल आणि त्या चौदाव्या जॉबला तो का ओरडला हे कुणालाही कळणार नाही. लोक म्हणतील, जुना होता, मोडका होता. तो मोडका नव्हता. तो खरं बोलत होता. चुकीच्या आकड्याला चुकीचा म्हणत होता. ते मला सहन होईना.

निकिता दोन रात्री तिथेच असावी, कपडे शनिवारचे होते. पडद्यावर माझं पहिलं पान उघडं होतं. पास्कलमधल्या पहिल्या ओळी, वर माझं नाव, तारीख. मला बघून ती उठली, काही बोलायच्या आत तिच्या घरून फोन आला आणि ती बोलत बाहेर व्हरांड्यात गेली. तिचं काय बोलणं चाललंय ते ऐकू येत होतं. हो आई. नाही आई. दुपारपर्यंत सांगते. मी तिच्या खुर्चीत बसले. बारा वर्षांत कीबोर्डला हात लावला नव्हता, पण बोटांना ओळ पाठ होती. सुरुवातीला, सगळ्यांच्या आधी, ती एक ओळ मी घातली. तिच्याखाली पुन्हा बोलतं करणारी ओळ घातली नाही. प्रोग्राम नव्याने बांधायला लावला आणि पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. तेवढ्यात तीन बोटांनी ती ओळ पुसून टाकता आली असती. नंतर तो कशालाही ओरडणार नव्हता. शून्याने भागा, नसलेले आकडे त्याच्या हातात द्या, तो ऐकून घेईल, थांबेल, विचारून येईल आणि सांगितलेलं सांगेल. आत ओरडण्यासारखं माझं तरी काय उरलं होतं? पट्टी भरली. मी उठून बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले. झुंबरबाईशेजारी बसायची तेच स्टूल असावं, एक पाय आखूड होता.

निकिता आत आली, सवयीने प्रोग्राम चालू केला, ठोकणाऱ्याला खूण केली. चौदावा जॉब गेला. पन्नासावा गेला. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचा खांदा बघत होता. दोनशेव्याला तिने हातोडी थांबवली, पान उघडलं आणि पहिल्या ओळींवर तिची नजर खिळली. ती हुशार आहे. एक ओळ वाचून तिला तीन आठवडे समजले. आणि गुरुवारही समजला असावा, कारण तिच्या मानेवर लाली चढली. तिने वळून विचारलं, "तुम्हाला आधीपासून..." आणि पुढचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

साडेदहाला जीवन आला, मागे गिऱ्हाइकाची चार माणसं. पडद्यावरचे आकडे बघून थांबला. "सापडलं?"

निकिता उभी राहिली. "मॅडमनी..."

"मॅडमनी चहा प्यायला तुझ्याकडचा," मी म्हणाले आणि जीवनकडे वळले. "चूक तिनेच काढली रे. शनिवारपासून मागे लागली होती. मला तर काही आठवतही नाही आता."

जीवन मोठ्याने हसला, तिला शाबासकी देऊन पाहुण्यांकडे वळला आणि कराराचं दुपारी बघू म्हणाला. निकिता माझ्याकडे बघत राहिली. यंत्राच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, मधे टांगलेला जॉब. ती नजर मला ओळखीची होती, आतून ओळखीची होती. ती माझीच होती, दवाखान्यातल्या पलंगापलीकडून बघणारी. ही पोर आता जिथे जाईल तिथे हे काम मिरवेल, लोक वाहवा करतील, आणि प्रत्येक वाहवेला तिला एक म्हातारी बाई आठवेल, जिने मागितलं काहीच नाही. हे माझ्या अंगातून गेलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी स्टुलाची कड धरली. चार दिवसांत पहिल्यांदा पोटातलं ते जागेवर आलं. आणि तेव्हाच मला कुसाअक्का कळल्या. मोठं मन नव्हतं ते. त्याही जळत होत्या. यांना वाचवणारा होकार माझा होता, त्यांचा नव्हता, हे त्यांना नऊ वर्षं गिळावं लागलं होतं. आणि गिळता गिळता त्यांनी तो आपल्याजवळ ठेवून घेतला होता, आणि त्याबरोबर मलाही, कायमची ऋणात.

हातोडी पडली. मी दाढा मिटल्या. काही लागलं नाही. अर्धा सेकंद प्रोग्राम गप्प राहिला, विचारून आला, आणि चौकोन लाल झाला. बद्द. पाहुणे माना हलवत पुढे झुकले, जीवन त्यांना चीर कुठे असेल ते बोटाने दाखवायला लागला. निकिता पडद्याकडे बघत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, आणि जराशी हसले.